स्थळ आणि स्थान : शांतता-वाटाघाटींतील एका जुन्या वादाविषयी

युद्धमान पक्ष बोलणी करण्यास राजी होतात आणि मग बोलणी कोठे करावयाची यावरच आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिने घालवतात, ही गोष्ट इतिहासग्रंथांत बहुधा उपहासाने नोंदवलेली आढळते. राजनयाच्या अभ्यासकांच्या लेखी तो कार्यपद्धतीचा तपशील असतो. खरी बोलणी त्यानंतर सुरू होतात, असे गृहीत धरले जाते. साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीतक तपासून घेण्यासारखे वाटावे. संहितेचे शीर्षक, तिचा आरंभ, निवेदक कोठे उभा राहून बोलतो हा प्रश्न, या गोष्टी ‘मजकुराआधीच्या’ म्हणून कोणी बाजूला सारत नाही. वाटाघाटींचे स्थळ हेही असेच आरंभीचे विधान असते, आणि उभय पक्षांना जे शब्दांत मांडणे अद्याप शक्य नसते ते या विधानात आधीच मांडले गेलेले असते.

मराठीत या विषयाची कोंडी नेमकी पकडणारी दोन जवळची पदे आहेत : ‘स्थळ’ आणि ‘स्थान’. स्थळ म्हणजे जागा. स्थान म्हणजे जागाही आणि दर्जाही. स्थळाच्या प्रत्येक वादाच्या पोटात स्थानाचा वाद असतो. (विवाहासाठी सुचवलेल्या वराला वा वधूलाही मराठीत ‘स्थळ’च म्हणतात आणि तेथेही पहिली बोलणी कोणाच्या घरी व्हावयाची यात पुष्कळ काही ठरून जाते, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही.) ‘भेटीस बोलावणे’, ‘भेटीस येणे’, ‘भेटीस जाणे’ ही क्रियापदे वरवर एकाच घटनेची वर्णने आहेत, परंतु निवेदकाने त्यांपैकी कोणते निवडले यावरून यजमान कोण आणि आश्रित कोण हे ठरते.

महाकाव्याच्या जगात या वादाला फारसा वाव नाही, कारण तेथे जागा दोनच : आपली आणि परक्याची. उद्योगपर्वात श्रीकृष्ण उपप्लव्याहून हस्तिनापुरास जातो. शिष्टाई प्रतिपक्षाच्याच सभेत व्हावयाची, याविषयी कोणी हरकत घेत नाही. त्या असमान जागेत तो आपल्यापुरते अंतर राखतो ते दुर्योधनाचे अन्न नाकारून आणि विदुराच्या घरी उतरून. सभा परक्याची असली तरी मुक्काम आपल्या निवडीचा, एवढीच सवड महाकाव्य देते. तिसरी, कोणाचीच नसलेली जागा असू शकते ही कल्पना त्याला ठाऊक नाही.

बखरीला ती ठाऊक आहे, परंतु बखर तिच्यावर विश्वास ठेवत नाही. १६५९ मध्ये अफझलखान वाईस येऊन राहिला, तेव्हा तो काही नव्या मुलखात आला नव्हता. वाईचा सुभा पूर्वी त्याच्याकडे होता. भेट वाईस झाली असती तर शिवाजी महाराज आदिलशाहीच्या सरदाराकडे ‘आले’ असते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पंताजी गोपीनाथ हा महाराजांचा वकील खानाला समजावतो की राजा भितो, वाईस येण्याचे धैर्य त्याला होत नाही, तेव्हा खानानेच जावळीस यावे. या युक्तिवादातील भीतीचे सोंग मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे आणि त्याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. स्थळाची निवड मात्र तितक्या बारकाईने वाचली गेलेली नाही. जावळी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलेली होती. म्हणजे ज्या भूमीवर भेटीचे आमंत्रण दिले जात होते, तिच्या मालकीचा प्रश्न स्वतःच निकालात निघालेला नव्हता. खान तेथे पाहुणा म्हणून आला की जावळीचा यजमान कोण, या प्रश्नाचे उत्तर कोणतीही वाटाघाट न होता मिळून जाणार होते. भीतीच्या भाषेत मागितलेली ही सवलत वस्तुतः सार्वभौमत्वाची पहिली कबुली होती.

सभासदाने हे जाणले होते असे म्हणण्यास आधार आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेली सदर पाहून खान मनात जळतो, शहाजीच्या मुलाकडे वजिरालाही न शोभणारे हे वैभव कसे, असे विचारतो. आणि पंताजी त्याला सांगतो की पातशाही माल पातशाही घरी जाईल. प्रसंग दोन-चार वाक्यांचाच आहे. पण बिछायतीवरून निघालेल्या या संवादात स्थळाची मालकी, मालाची मालकी आणि बोलणाऱ्याची पायरी हे तिन्ही प्रश्न एकत्र येतात. पुढे प्रत्येकासोबत किती माणसे असावीत, कोणी किती अंतरावर थांबावे, सय्यद बंडा शामियान्यात राहावा की नाही, हे सारे वाद त्याच एका वादाचे बारीक होत गेलेले पाझर आहेत.

त्याच नोव्हेंबर महिन्यात (दोन पंचांगांतील दहा दिवसांचे अंतर धरले तरी महिना बदलत नाही) युरोपात फ्रान्स आणि स्पेन यांच्यातील दीर्घ युद्ध पिरेनीजच्या तहाने संपले. तह झाला तो बिदासोआ नदीतील फेझंट नावाच्या चिमुकल्या बेटावर. कार्डिनल माझारँ आणि दोन लुईस दे आरो यांच्यासाठी तेथे मुद्दाम एक वास्तू उभारण्यात आली. दोन्ही काठांकडून स्वतंत्र पूल, दोन्ही बाजूंना सारखी दालने, आणि मधल्या बैठकीच्या खोलीतून जाणारी काल्पनिक सीमारेषा. प्रत्येक मंत्री आपापल्या राजाच्या भूमीवर बसून बोलत होता. कोणीही कोणाकडे ‘आला’ नव्हता. पुढील वर्षी दोन्ही राजांची भेट याच बेटावर झाली, तेव्हा स्पेनच्या बाजूची सजावट वेलास्केझ या चित्रकाराकडे होती. ते बेट आजही सहा सहा महिने आळीपाळीने दोन देशांच्या ताब्यात असते.

प्रतापगड आणि फेझंट बेट यांची तुलना सहसा कोणी करत नाही. कालसाम्याखेरीज दोहोंत काही साम्यही नाही. परंतु स्थळाच्या प्रश्नाला दिलेली ही दोन अगदी भिन्न उत्तरे आहेत. जावळीत तटस्थतेचा दावाच नाही. जागा एका पक्षाची आहे आणि बखरीचा वाचक ते क्षणभरही विसरत नाही. बेटावर मात्र भूमितीच्या साहाय्याने समानता निर्माण केलेली आहे, आणि ती इतकी देखणी आहे की त्या मेजावर ज्यांचे भवितव्य ठरत होते ते कोठे बसले होते, हे विचारण्याचे भान राहत नाही. या तहाने रूसियाँ आणि सेर्दान्याचा काही भाग फ्रान्सकडे गेला. तेथील कातालान प्रजेसाठी बेटावर तिसरा पूल नव्हता. दोघांसाठी समान असलेली जागा तिसऱ्याला वगळूनच समान होते. विसाव्या शतकातील उदाहरणे पाहताना हे सूत्र हाती असणे उपयोगाचे ठरते.

कोरियन युद्धात ३० जून १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती जनरल रिजवे यांनी वोन्सान बंदरात उभ्या करावयाच्या ‘युटलांडिया’ या डॅनिश रुग्णालय-जहाजावर भेटण्याचा प्रस्ताव मांडला. जहाज ही कल्पना चतुर होती : पाण्यावर कोणाचे घर नसते. १८०७ मध्ये नेपोलियन आणि झार अलेक्झांडर यांनी तिल्झित येथे नेमन नदीतील तराफ्यावर भेटून हीच युक्ती केली होती. (प्रशियाचा राजा तेव्हा काठावर ताटकळत राहिला, आणि त्याच्याच राज्याचे लचके तोडले गेले.) परंतु वोन्सान हे उत्तर कोरियाचे बंदर, आणि जहाज प्रतिपक्षाच्या मित्रराष्ट्राचे. किम इल सुंग आणि पेंग दहुआई यांनी उत्तरादाखल केसाँगचे नाव सुचवले, आणि रिजवे यांनी ते मान्य केले.

केसाँग ही प्राचीन कोऱ्यो राजवंशाची राजधानी. ती ३८ अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस, म्हणजे युद्धापूर्वी दक्षिण कोरियात होती. कागदावर ती दोन्ही फौजांमधली जागा होती. प्रत्यक्षात तीवर उत्तरेचे नियंत्रण होते. १० जुलै रोजी बोलणी सुरू झाली तेव्हा ओळख पटावी म्हणून पांढरी निशाणे लावलेल्या गाड्यांतून आलेल्या अमेरिकी प्रतिनिधींची छायाचित्रे ‘शरण आलेले’ म्हणून प्रसृत झाली. शिष्टमंडळाचे प्रमुख ॲडमिरल टर्नर जॉय यांनी १९५५ च्या आपल्या पुस्तकात आपल्याला दिलेल्या बुटक्या खुर्चीची हकिगत सांगितली आहे. मेजावर त्यांनी लहानसा ध्वज ठेवताच समोरच्या बाजूने त्याहून उंच ध्वज आणून ठेवण्यात आला, तीही. जॉय यांच्या कथनाला पराभवाच्या शंकेचा वास आहे आणि त्यातील प्रतिपक्षाचे चित्रण एकरंगी आहे. तरीही स्थळाच्या चिन्हव्यवस्थेची त्यांना आलेली जाण खरी आहे. खुर्चीच्या उंचीवर रागावणारा हा दर्यासारंग आणि बिछायतीवर जळणारा खान एकाच गोष्टीने दुखावलेले आहेत : यजमानपण दुसऱ्याने आधीच घेतले आहे.

बातमीदारांना प्रवेश, सशस्त्र सैनिकांचा वावर, बाँबफेकीचे आरोप अशा कारणांनी बैठका तुटत राहिल्या. २३ ऑगस्टला त्या थांबल्या आणि २५ ऑक्टोबर १९५१ रोजी पान्मुन्जोम या काही झोपड्यांच्या वस्तीत पुन्हा सुरू झाल्या. मधल्या दोन महिन्यांत डोंगरमाथ्यांवरील लढाया चालूच होत्या. स्थळाच्या वादाचा उपहास करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. वाटाघाटींचे क्षेत्र ठरल्यामुळे केसाँगवर हल्ला करणे अशक्य झाले होते, आणि १९५३ मध्ये युद्धविराम झाला तेव्हा ते शहर उत्तरेकडे राहिले. बोलण्यासाठी निवडलेली जागाच बोलण्याचा लाभ होऊन बसली, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नसेल. पान्मुन्जोममध्ये पुढे बांधलेल्या बैठकीच्या खोलीत सीमारेषा मेजाच्या मध्यावरून जाते. फेझंट बेटाची भूमिती तीनशे वर्षांनी जशीच्या तशी परतली.

येथील तिसरा कोण? २७ जुलै १९५३ च्या करारावर दक्षिण कोरियाची स्वाक्षरी नाही. अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना युद्धविरामच मान्य नव्हता. ज्याला मेजावर आपले म्हणणे चालवता आले नाही त्याने ते भूमीच्या भाषेत सांगितले, आणि त्याचा फटका बसला तो भारताला. मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांची जबाबदारी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आली होती. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडचे. भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या मातीवर पाय ठेवू देणार नाही, असे ऱ्ही यांनी बजावले. तेव्हा पाच हजारांहून अधिक जवानांना इंचॉन बंदराजवळील जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे ‘हिंद नगर’ वसले आणि २२,००० हून अधिक कैदी त्या दलाच्या स्वाधीन झाले. तटस्थ म्हणून बोलावलेल्या पाहुण्याला यजमान देशाच्या मातीस स्पर्श न करता आकाशातून यावे लागणे, ही घटना एखाद्या रूपककथेत शोभली असती. थोरातांच्या दलाने ती कवायतीच्या शिस्तीने पार पाडली.

व्हिएतनामच्या बाबतीत वाद जागेवरून नावांच्या यादीवर गेला. ३१ मार्च १९६८ च्या भाषणात अध्यक्ष जॉन्सन यांनी कोणत्याही व्यासपीठावर, कोणत्याही वेळी आपले प्रतिनिधी पाठवण्याची तयारी जाहीर केली. हनोईने तीनच दिवसांत होकार दिला आणि नॉम पेन्ह सुचवले, मग वॉर्सा. ‘कोणत्याही’ या शब्दाचा अर्थ तेथेच आखडला. कंबोडियाशी अमेरिकेचे राजनैतिक संबंध १९६५ पासून तुटलेले होते. पोलंड तर हनोईला युद्धसाहित्य पुरवणाऱ्या गटातला. अमेरिकेने जिनिव्हा, व्हिएन्तियान, रंगून, जाकार्ता आणि नवी दिल्ली ही नावे दिली, आणि त्यांना होकार मिळेना तेव्हा कोलंबो, काबूल, काठमांडूपासून रोम, व्हिएन्नापर्यंत आणखी दहा. नकाशावरील नावांच्या या देवाणघेवाणीत एक महिना गेला. शेवटी ३ मे रोजी हनोईने पॅरिस सुचवले आणि ते लगेच मान्य झाले.

पॅरिस का चालले, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाला विशेष जवळचा आहे. ते कोरे स्थळ नव्हते. व्हिएतनामवर राज्य केलेल्या साम्राज्याची ती राजधानी. परंतु ते साम्राज्य १९५४ मध्ये हरलेले. फ्रान्स अमेरिकेचे जुने मित्रराष्ट्र. परंतु १९६६ मध्ये नॉम पेन्हच्याच भाषणात द गॉल यांनी अमेरिकेच्या युद्धावर उघड टीका केलेली. दोन्ही पक्षांना तेथे काही आपले आणि काही बोचणारे होते. तटस्थता स्मृतीच्या अभावातून येते, असे समजले जाते. पॅरिसची तटस्थता स्मृतींच्या भाराने आलेली होती, दोन्ही पारड्यांत साधारण सारखे वजन पडल्यामुळे.

मात्र येथेही दोघांच्या आड उरलेले होतेच. दक्षिण व्हिएतनामचे सरकार आणि तेथील राष्ट्रीय मुक्ती आघाडी बोलण्यांत येणार असे ठरताच स्थळाचा वाद खोलीत शिरला. हनोईला चार बाजूंचे मेज हवे होते, म्हणजे आघाडी हा स्वतंत्र पक्ष ठरला असता. सायगावला दोन बाजू हव्या होत्या, म्हणजे ती ठरली नसती. ज्या मेजावरून जगभर विनोद झाले, त्याच्या कडा मोजणे म्हणजे दक्षिण व्हिएतनामचा प्रतिनिधी कोण हे मोजणे होते. आणि युद्ध त्याच प्रश्नावर चालले होते. १६ जानेवारी १९६९ रोजी तोडगा निघाला : मधोमध गोल मेज, आणि त्यापासून ४५ सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर दोन आयताकृती मेजे, ध्वज नाहीत, नामफलक नाहीत. गोलाला बाजू नसतात, म्हणून प्रत्येकाने त्यात आपल्याला हवी ती संख्या वाचावी. अनेकार्थता ही काव्याचीच मिरास नसून कराराचीही गरज असते, हे सांगायला यापेक्षा चांगला दाखला मिळणे कठीण. परंतु अनेकार्थतेने प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. २७ जानेवारी १९७३ रोजी स्वाक्षऱ्यांची वेळ आली, तेव्हा सकाळी चार पक्षांची एक प्रत आणि दुपारी दोन पक्षांची दुसरी, असा दोनदा समारंभ करावा लागला. चार वर्षांपूर्वी गोल मेजाखाली दडवलेला प्रश्न कागदावर तसाच उमटला.

भारतात हा वाद सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो तो नागा प्रश्नात, आणि तेथे तो ‘देश’ आणि ‘परदेश’ या शब्दांवरच येऊन ठेपतो. १९६४ च्या शस्त्रसंधीनंतर १९६६-६७ मध्ये नागा नेत्यांची इंदिरा गांधींशी बोलणी झाली ती दिल्लीत. त्यांतून काही निघाले नाही. नोव्हेंबर १९७५ चा करार शिलाँगमध्ये झाला आणि तो ज्यांना अमान्य होता त्यांनी १९८० मध्ये नवी संघटना उभारली. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात ‘शिलाँग’ हे नाव कराराचे शीर्षक न राहता आरोप झाले. (स्थळनामाचे असे अर्थांतर मराठी वाचकाला अपरिचित नाही. ‘ताश्कंद’ म्हटल्यावर १९६६ च्या कराराची कलमे कोणाला आठवतात? आठवतो तो लालबहादूर शास्त्रींचा मृत्यू.) इसाक स्वू आणि मुइवा यांच्या गटाने म्हणूनच बोलणी तिसऱ्या देशात आणि पंतप्रधानांच्या पातळीवर व्हावीत अशी अट घातली. नरसिंह राव १९९५ मध्ये त्यांना पॅरिसमध्ये भेटले, देवेगौडा १९९७ च्या फेब्रुवारीत झुरिकमध्ये, वाजपेयी १९९८ मध्ये पुन्हा पॅरिसमध्ये. शस्त्रसंधी १ ऑगस्ट १९९७ पासून अंमलात आली.

या भेटींचे दोन पाठ एकाच वेळी संभवत होते. नागा पक्षाच्या पाठात दोन राष्ट्रांचे प्रतिनिधी तिसऱ्या राष्ट्रात भेटत होते. भारत सरकारच्या पाठात पंतप्रधान परदेशात असताना काही देशबांधवांना भेटत होते. कोणीही आपला पाठ सोडला नाही, आणि दुसऱ्याचा खोडलाही नाही. पॅरिसने येथेही गोल मेजाचे काम केले. अर्थात तिसरा देश हा कोरा कागद नसतो. जानेवारी २००० मध्ये बनावट पारपत्राच्या आरोपावरून मुइवा यांना बँकॉकमध्ये अटक झाली. ज्या देशाची भूमी ‘कोणाचीच नाही’ म्हणून निवडली होती, तिचा कायदा मात्र तिचा स्वतःचा होता.

जून २००१ मध्ये याच बँकॉकमध्ये शस्त्रसंधी प्रादेशिक मर्यादेविना लागू राहील असे ठरले. बँकॉकमधील खोलीत हा वाक्यांश दोन पक्षांच्या सोयीचा होता. इंफाळमध्ये त्याचा अर्थ मणिपूरच्या सीमांना धक्का असा लागला. १८ जून रोजी तेथे लोक रस्त्यावर आले, विधानसभेची इमारत जाळण्यात आली, गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. आणि जुलैमध्ये तो वाक्यांश मागे घ्यावा लागला. बोलणी मणिपूरविषयी नव्हती, असे दोन्ही पक्षांना प्रामाणिकपणे वाटत असणे शक्य आहे. फेझंट बेटावरील मंत्र्यांनाही रूसियाँविषयी तसेच वाटले असेल. परंतु सीमेविषयीचे विधान सीमेपासून जितके दूर केले जाते, तितके ते तिथल्या माणसाला आपल्या पाठीमागे बोललेले वाटते.

जानेवारी २००३ मध्ये स्वू आणि मुइवा दिल्लीला आले. या प्रवासासाठी मराठीत कोणते क्रियापद योजावे, हा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. ते ‘आले’ म्हटले तर दिल्ली ही केंद्रस्थानी राहते. ‘परतले’ म्हटले तर ती त्यांचीही ठरते. ‘भेटीस गेले’ म्हटले तर ती परकी होते. ऑगस्ट २०१५ मध्ये दिल्लीतच एका चौकटीच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, आणि त्यातील सार्वभौमत्वाविषयीच्या शब्दांचा अर्थ दोन्ही पक्षांनी पुढे आपापल्या परीने लावला. इंफाळमध्ये १८ जूनच्या मृतांचे स्मरण दर वर्षी केले जाते.